दाणे ठेवले की कबुतरंच येतात, बाकीचे पक्षी का फिरकत नाहीत?

तक्रार ठरलेली असते. बागेत किंवा गॅलरीत हौसेने दाण्यांचं भांडं टांगलं. सुरुवातीला दोन-चार चिमण्या दिसल्या, मग एक कबुतर आलं, पाठोपाठ त्याचं अख्खं खानदान. आता सकाळी उजाडायच्या आत पंखांची फडफड, कठड्यावर विष्ठेचे थर, कुंडीतली कोथिंबीर तुडवलेली. चिमण्या गेल्या त्या गेल्याच. बुलबुल, दयाळ, शिंजीर तर कधी आलेच नव्हते. वैतागून माणूस दाणे बंद करतो, कबुतरं पांगतात. महिन्याभराने ऊन तापलं की पुन्हा वाटतं, बिचाऱ्यांना खायला मिळत नसेल. परत एक मूठ पडते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

त्यावर करायचे उपायही ठरलेले आहेत. जुन्या सीडी लटकवायच्या, चमकीच्या पट्ट्या बांधायच्या, ऑनलाइन मागवलेलं प्लॅस्टिकचं घुबड बसवायचं. सीडीला कबुतर चार दिवस बिचकतं. घुबडाच्या डोक्यावर निवांत बसलेलं कबुतर तर आता कुठल्याही सोसायटीत बघायला मिळतं. काटेपट्टीवर ते काड्या टाकून घरटं करतं, काटे उलट काड्या धरून ठेवतात. जाळी मात्र काम करते, पण जाळी मारली की कबुतराबरोबर बाकीचेही बाहेर राहतात. पक्षी बघायला म्हणून सुरू केलेल्या उद्योगाचा शेवट जाळीमागे उभं राहून चहा पिण्यात होतो.

हे सगळे उपाय कबुतरावर आहेत. बिघाड दाण्यात आहे.

आधी हे तपासा: तुम्हाला हवे असलेले पक्षी दाणे खातात का?

बागेत कोण यावं असं वाटतं, ते एका कागदावर लिहून काढा. बहुतेकांच्या यादीत बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर, तांबट, नाचण, चष्मेवाला, भारद्वाज असतात. आता प्रत्येकाच्या पुढे त्याचं खाणं लिहा. बुलबुलाला फळं आणि किडे लागतात. दयाळ जमिनीवरचे किडे टिपतो. शिंपी आणि वटवट्या पानांमागच्या अळ्या शोधतात. नाचण हवेतल्या हवेत चिलटं पकडते. शिंजीर मध पितो आणि कोळी खातो. तांबटाला वड-उंबराची फळं हवीत, भारद्वाजाला गोगलगायी, सरडे, नाकतोडे. ज्वारीच्या दाण्याला यातला एकही चोच लावणार नाही. भांड्यात काय भरायचं, बाजरी की तांदूळ, यावर कितीही खल केला तरी त्यांच्या लेखी ते भांडं रिकामंच.

दाणे खाणारे शहरात मोजकेच: चिमणी, मुनिया, होला, पोपट आणि कबुतर. खारीला पक्ष्यांत धरत नाहीत, पण तीही हजर असतेच. यात कबुतर सगळ्यांत धीट आणि त्याचा थवाही मोठा. एक कबुतर दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणे खातं, चिमणीचं सगळं वजनच जवळपास तेवढं असतं. भांड्यावर कबुतर बसलं की चिमणी भांडत बसत नाही, निघून जाते.

याहून महत्त्वाची गोष्ट पिल्लांची. कबुतराच्या पिल्लांना किडे लागत नाहीत. नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा एक दाट पदार्थ तयार होतो आणि सुरुवातीचे दिवस पिल्लं त्यावरच वाढतात, पुढे भिजलेल्या दाण्यांवर. म्हणजे दाणे मिळाले की कबुतराचं भागलं, ऋतू कुठलाही असो. म्हणून त्यांची वीण आपल्याकडे जवळपास बारमाही चालते. चिमणीचं तसं नाही. ती स्वतः दाणे खात असली तरी पिल्लांना पहिले काही दिवस मऊ अळ्या आणि किडेच भरवते. अळ्या नसल्या तर पोतंभर बाजरी ठेवूनही तिची पिल्लं जगत नाहीत. थोडक्यात, दाण्यांनी कबुतरं वाढतात, चिमण्या वाढत नाहीत. देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० मध्ये जो मोठा अहवाल निघाला, त्यात चिमणी देशपातळीवर बऱ्यापैकी टिकून असल्याचं दिसलं, पण मुंबईसह सहा महानगरांत ती कमी होत होती. त्याच मालिकेतल्या २०२३ च्या अहवालात कबुतरं वाढलेली दिसतात. दोन्ही एकाच शहरात घडत असेल, तर कमतरता दाण्यांची नाही हे उघड आहे.

तब्येतीचा मुद्दा वेगळा. सुकलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं नाकात जात राहिली, तर काही जणांना फुफ्फुसाचा चिवट दाह होतो. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. २०२५ मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून काय रान उठलं ते सगळ्यांनी पाहिलं: दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, आंदोलनं झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या वादात इथे शिरत नाही. घरात दमेकरी किंवा म्हातारं माणूस असेल, तर वाद मिटायची वाट न बघता गॅलरी ओल्या फडक्याने पुसायला घ्या, कोरडी झाडू नका.

पहिलं काम: दाणे पूर्ण बंद

"थोडे थोडे ठेवू", "फक्त रविवारी ठेवू" याचा उपयोग नाही. कबुतराला जागा पक्की लक्षात राहते, अधूनमधून मिळालं तरी ते हेलपाटे मारतं. बंद केल्यावरही पहिला आठवडा-दोन आठवडे ती येऊन बसतीलच. तेव्हा कच खाऊ नका.

बंद करूनही कबुतरं हटत नसतील, तर दाणे दुसरीकडून येतायत. गच्चीवर धान्याला ऊन दाखवलं जातं का, कुत्र्या-मांजराचं खाणं उघडं राहतं का, तांदूळ निवडून उरलेली कणी कोणी कठड्यावरून झटकतं का, ते बघा. शेव, फरसाण, बिस्किटाचा चुराही दाण्यांतच मोजायचा. त्यातलं मीठ आणि तेल कुठल्याच पक्ष्याच्या कामाचं नाही आणि रात्री उरलेल्यावर उंदीर येतात ते वेगळंच.

बहुतेक वेळा मात्र स्रोत वरच्या मजल्यावर सापडतो. तिथल्या काकू रोज पूजा झाली की वाटीभर ज्वारी खिडकीच्या छज्जावर टाकतात. इथे "काकू, घाण होते" असं म्हणत जिना चढलात, तर काम तिथेच फसतं. त्या म्हणणार, "अहो, मुक्या जिवाला दोन दाणे टाकले तर कुणाचं काय जातं?" त्यांच्या जागी त्यांचं चुकत नाही. पुण्याची वाट बंद न करता वळवता येते: "काकू, दाण्याऐवजी पाणी ठेवू या का? मातीचं पसरट भांडं, परळ, मी आणून देतो, भरायचं तुम्ही." वाटीभर ज्वारीच्या जागी तांब्याभर पाणी, हा सौदा बऱ्याच घरांत चालतो. पितृपक्षाची पानं वर्षातले मोजके दिवस ठेवली जातात, त्यावर कुणाशी हुज्जत घालू नका. फक्त कावळ्याआधी कबुतर पोचतं, ही खंत काकूंनाही असते, तेवढा धागा बोलणं सुरू करायला पुरतो.

दुसरं काम: पाणी, पण नीट

दाणे न खाणारे पक्षीही पाण्याला येतात. पुण्यात किंवा विदर्भात मार्च ते मे या दिवसांत दुपारी पाणी ठेवलेल्या बागेत जितके प्रकार दिसतात, तितके दाण्यांच्या भांड्यावर वर्षभरात दिसत नाहीत. तरी "पाणी ठेवलंय, पण कोणी येत नाही" हीदेखील नेहमीचीच तक्रार आहे. कारण बहुधा या चारांत सापडतं.

भांडं खोल असतं. शिंपी किंवा चष्मेवाला हा दहा ग्रॅमच्या आसपासचा जीव, त्याला तीन इंच पाणी म्हणजे विहीर. मातीचं पसरट परळ घ्या, पाणी दीड-दोन इंचांपेक्षा जास्त नको आणि मधोमध पाण्याबाहेर डोकावणारा एक खडबडीत दगड ठेवा. स्टीलची ताटली उन्हात तापते आणि घसरडी असते. प्लॅस्टिकचंही तेच.

जागा चुकीची असते. उघड्या गच्चीच्या मधोमध ठेवलेल्या पाण्यावर लहान पक्षी उतरत नाही, त्याला शिक्र्याची, म्हणजे वरून झडप घालणाऱ्या शिकारी पक्ष्याची भीती. अगदी झुडपाला चिकटून ठेवलं तर आत मांजर दबा धरून बसतं. झुडपापासून आठ-दहा फूट मोकळी जागा आणि वर एखादी फांदी, हे अंतर जमतं. पक्षी थेट पाण्यावर येत नाही, आधी फांदीवर बसून चारी बाजू न्याहाळतो, मग खाली येतो. गॅलरीत ती फांदी नसेल, तर कुंडीत एक वाळकी काटकी उभी खोचा. एवढ्याने फरक पडतो.

पाणी शिळं असतं. परळ रोज भरणं पुरत नाही, आतून घासावं लागतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून देऊन ती जात नाहीत. अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे एक दिवसाआड काथ्याने घासलंत तर महापालिकेच्या माणसाला तुमच्याकडे काही सापडणार नाही. साबण नको.

चौथं कारण पुन्हा कबुतरच. ते पाण्यालाही येतं. कबुतर पाणी पिताना नीट बघा. बुलबुल चोचीत घोट घेतो, मान वर करतो, घोट उतरवतो, पुन्हा वाकतो. कबुतर चोच बुडवतं आणि मान वर न करता ओढून घेतं. त्यामुळे त्याचं काम पटकन उरकतं, आणि शेजारी दाणे नसतील तर ते फार रेंगाळत नाही. तरीही थवा बसत असेल तर मोठं परळ उचला आणि सहा-सात इंचाचं लहान परळ तीन दोऱ्यांनी टांगा. हलणाऱ्या जागेवर जड कबुतराला उतरणं नकोसं होतं. चिमणी, बुलबुल, शिंजीर झोके खात पाणी पितात.

एक गंमत सांगतो, ती भांड्याशिवायही जमते. सकाळी झाडांना पाणी घालताना कर्दळीच्या किंवा केळीच्या पानांवर बारीक फवारा मारा आणि दहा पावलं मागे व्हा. शिंजीर ओल्या पानावर पोट घासत घसरतो, पिसं फुलवतो, परत वर उडून पुन्हा तेच. शिंपीही असंच करतो. हे पक्षी आंघोळीसाठी परळात क्वचित उतरतात, त्यांची आंघोळ पानावरच होते.

तिसरं काम: अळ्या वाचवा

हे सगळ्यांत परिणामकारक आणि लोकांना सगळ्यांत न पटणारं. बाग "स्वच्छ" असेल, म्हणजे दर पंधरा दिवसांनी औषध मारलं जात असेल, वाळलेली पानं उचलली जात असतील आणि खाली फक्त लॉन असेल, तर तिथे पक्ष्याला खायला काहीही नाही. माळीदादांना फवारणी थांबवायला सांगा. मावा पडला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, फारच झालं तर त्या एका फांदीपुरता निंबोळी अर्क. इमिडाक्लोप्रिडसारखं मुळातून शोषलं जाणारं औषध तर नकोच, ते फुलातल्या मधापर्यंत पोचतं.

कुंडीतलं लिंबाचं झाड घ्या. त्याच्या कोवळ्या पानांवर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या येतात. लहान असताना त्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, काळपट-तपकिरी आणि मधे पांढरा डाग, म्हणजे कोणी खाऊ नये. थोड्या मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात. घरमालक त्या दिसल्या की चिमट्याने काढतो. काढू नका. थांबलात तर एखाद्या सकाळी शेपटी उभारलेला शिंपी आत शिरेल, पानाच्या खालच्या बाजूने मान वाकडी करून एकेक पान तपासेल, आणि अळी सापडली की फांदीवर दोन-तीनदा आपटून घेऊन जाईल. झाडाची चार पानं जातील. लिंबं येतात.

लावायचं काय? जागा कुंडीएवढीच असेल तर जास्वंद, अबोली, अडुळसा, हमेलिया. साध्या एकेरी पाकळ्यांची जास्वंद घ्या. दुहेरी-तिहेरी पाकळ्यांच्या शोभेच्या जातींत मधापर्यंत पोचणं अवघड. जास्वंदीवर शिंजीर समोरून क्वचितच जातो, फुलाच्या देठाजवळ चोच खुपसून मध चोरतो, परागकणांना हातही लागत नाही. कढीपत्ता छाटून छाटून बुटका न ठेवता एक झाड वाढू द्या. पावसाच्या तोंडाशी त्याला काळी फळं धरतात आणि बुलबुल व कोकिळा ती सोडत नाहीत. कुंपणावर तोंडल्याचा वेल चढवा आणि काही तोंडली लाल होईपर्यंत तोडू नका. जमिनीत जागा असेल तर शेवगा, तुती, पेरू, आणि फारच मोठी जागा असेल तर उंबर. सिंगापूर चेरी परदेशी आहे, देशी झाडांच्या आग्रही मंडळींना ती खपत नाही. पण ती भराभर वाढते, वर्षातला बराच काळ फळते, आणि बुलबुल, फुलटोच्या, तांबट एकाच झाडावर बघायचे असतील तर तिला तोड नाही. माझं मत तिच्या बाजूने.

एका कोपऱ्यात वाळलेला पालापाचोळा तसाच राहू द्या. दयाळ आणि सातभाई तो उलटापालटा करून किडे काढतात. कोळ्याची जाळीसुद्धा सगळी काढू नका. शिंजीर आपलं लोंबतं घरटं विणायला ते धागे नेतो, शिंपी पानं शिवायला. आणि हमिंगबर्डसाठीची साखरपाण्याची लाल बाटली ऑनलाइन दिसते, ती घेऊ नका. हमिंगबर्ड भारतात नाहीतच, आणि आपल्या उन्हाळ्यात साखरपाणी लवकर आंबतं.

चिमण्यांना दाणे द्यायचेच असतील

मग पिंजरा उलटा वापरा: दाणे आत, कबुतर बाहेर. हार्डवेअरच्या दुकानात दीड इंची चौकोनाची वेल्डमेश जाळी मिळते. तिचा दीड-दोन फुटी खोका करा, आत मधोमध दाण्यांची वाटी ठेवा. वाटीपासून जाळी सगळीकडून सहा इंच तरी लांब हवी, नाहीतर कबुतर मान घालून पोचतं. चिमणी आणि मुनिया आरामात आतबाहेर करतात. खाली मोठं ताट ठेवा, कारण सांडलेले दाणेच कबुतरांना बोलावतात. ज्वारी-मका नको, बाजरी किंवा राळे, तेही सकाळी संपेल एवढेच. मुनियांसाठी तर एखादी कुंडी गवतासाठी सोडून दिली आणि तुरे वाळू दिले, तरी पुरतं. गवताच्या काडीवर लोंबकळून बी सोलणारी मुनिया खोक्यातल्या मुनियेपेक्षा बघायला केव्हाही छान.

चिमणीचं लाकडी घरटं टांगणार असाल, तर भोक सव्वा इंचाचं ठेवा. त्यापेक्षा मोठं असलं की मैना शिरते. आठ-दहा फूट उंचीवर, दुपारचं ऊन न लागणाऱ्या भिंतीवर. लगेच कोणी आलं नाही म्हणून दर आठवड्याला जागा बदलू नका.

हेही वारंवार विचारलं जातं

बुलबुल किंवा दयाळ खिडकीच्या काचेवर, गाडीच्या आरशावर टोचा मारत बसतो. तो वेडा झालेला नाही, काचेतल्या प्रतिबिंबाला दुसरा नर समजून हाकलतोय. विणीच्या दिवसांत, साधारण फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत हे चालतं. आतून पडदा ओढून उपयोग नाही, प्रतिबिंब उलट गडद होतं. काच बाहेरून झाका, वर्तमानपत्र चालेल, किंवा साबणाचं पाणी फासून वाळू द्या. आरशावर जुना मोजा चढवा. पक्षी उडत येऊन काचेवर आपटत असतील, तर एकटं गरुडाचं स्टिकर पुरत नाही. बाहेरच्या बाजूने संपूर्ण काचेवर दोन-दोन इंचांवर ठिपके द्यावे लागतात.

कावळे येऊन सगळ्यांना पळवतात, ही तक्रार असेल तर आधी ओल्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण बघा.

सगळं केलं आणि पक्षी आलेच नाहीत, तर बघायची वेळ बदलून बघा. सकाळी उजाडल्यापासून दोन तास आणि संध्याकाळी चारनंतर. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून थिरथिरा, करडा धोबी असे हिवाळी पाहुणे येऊ लागतात, तेव्हा तीच बाग वेगळी वाटते. फेब्रुवारीत जगभर परसबागेतल्या पक्ष्यांची गणना होते, त्यात पंधरा मिनिटं बसून नोंद करायची असते. पहिल्यांदा बघणाऱ्यांना ती सवय चांगली.

आणि शेवटी, कुंडीत किंवा ग्रिलवर चार काड्यांचं घरटं दिसलं की ते कबुतराचंच, असं धरून उचलून टाकू नका. कबुतर राखाडी, थोराड, मानेवर हिरवी-जांभळी चमक. होला त्याहून सडपातळ, तपकिरी-गुलाबी, आणि ठिपकेवाल्याच्या मानेवर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा. घरटं होल्याचं असेल तर त्या कुंडीला महिनाभर हात लावू नका. पाणी कडेने, हळू घाला, तेही जोडीतला एक उठून गेलेला असेल तेव्हा. पिल्लं उडून गेली की काड्या काढून टाका आणि कुंडी हवी तिथे हलवा.